देशी बदामाचे पान : उपयोग माणसाला आणि जनावरालाही, पण मात्रेत

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत, ऑक्टोबर लागला की शेळ्यांना चरायला जागा उरत नाही. मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेने १२ जूनला सोडले जाते. कल्लणै येथे ते कावेरी, वेण्णार आणि कालव्यांतून वाटले जाऊन खाचरांत पोहोचते. कुरुवै भाताची कापणी आटोपते तोवर सांबा आणि ताळडी हंगामाची रोपे उभी राहिलेली असतात. त्यातच ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. खाचरे पाण्याखाली, बांध चिखलात आणि उभ्या पिकात जनावर सोडण्यास मनाई, अशा स्थितीत दोन-चार शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला जनावरे दारी बांधून झाडपाल्यावर जगवावी लागतात. हादगा, शेवगा, गिरिपुष्प, पारस पिंपळ यांचा पाला प्रथम उतरविला जातो. तो संपत आला की दृष्टी अंगणातील, शाळेच्या आवारातील किंवा रस्त्याकडेच्या एका मोठ्या पानांच्या झाडाकडे वळते. ते झाड म्हणजे देशी बदाम.

कोकणकिनाऱ्यावरील आणि गोव्यातील वाचकांना हे झाड नवे नाही. खोडापासून आडव्या फांद्यांचे एकावर एक मजले, सावलीदार विस्तार, हातभर नव्हे तरी वीतभर लांबीची जाड पाने आणि गळण्यापूर्वी त्यांना येणारा तांबडा रंग ही त्याची ओळख होय. समुद्रकाठची खारी हवा आणि वाळूमिश्रित जमीन त्याला मानवते. त्याच्या पानाविषयी घरोघरी दोन टोकांची मते आढळतात. कोणी ते सर्व रोगांवरील औषध मानतो, तर कोणी जनावरांना विषारी म्हणून टाळतो. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे. पानातील ज्या एका द्रव्यगटामुळे लाभ होतो त्याचमुळे अपायही होऊ शकतो. कोणत्या अवस्थेतील पान, कोणाला आणि किती, यावर फलित अवलंबून असते.

नाव एक, झाडे दोन

सर्वप्रथम नावाचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. सुकामेव्यातील बदाम हा गुलाबाच्या कुळातील, प्रूनस वंशातील वृक्ष होय. तो थंड हिवाळ्याच्या प्रदेशात, उदाहरणार्थ काश्मीर, इराण किंवा कॅलिफोर्निया येथे वाढतो. तंजावरच्या उष्ण, दमट हवेत तो येत नाही. तेथील ‘नाट्टु वादुमै’ म्हणजे देशी बदाम हा टर्मिनॅलिया कटाप्पा या शास्त्रीय नावाचा वृक्ष असून हिरडा, बेहडा, अर्जुन आणि ऐन हे त्याचे सख्खे भाऊबंद आहेत.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. कॅलिफोर्नियात दुभत्या गायींना बदामाच्या फळावरील वाळलेले साल खाऊ घालतात. ती माहिती वाचून कोणी देशी बदामाचा पाला तेवढ्याच प्रमाणात गायीपुढे टाकला तर घात होऊ शकतो. उलट, कडू बदामाच्या झाडात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. ती भीती देशी बदामाच्या पानाला लागू नाही. त्याचा धोका वेगळा आहे आणि तो टॅनिनचा आहे.

पानाचा तुरटपणा : गुण आणि दोषाचे मूळ

देशी बदामाचे कोवळे पान चावले असता जीभ आक्रसते. हा परिणाम टॅनिन या तुरट द्रव्यगटाचा आहे. त्यातील प्रमुख घटक प्युनिकॅलॅजिन होय. हेच द्रव्य डाळिंबाच्या सालीत विपुल असते आणि त्याचे नावही डाळिंबाच्या शास्त्रीय नावावरून पडले आहे. जुलाबावर डाळिंबाच्या सालीचा काढा देणाऱ्या मराठी घरांना या द्रव्याचा गुण नावाशिवाय ठाऊक होता, असे म्हणता येईल.

टॅनिनचे रेणू प्रथिनांना घट्ट चिकटतात. चामडे कमावताना कातड्यातील प्रथिने याच रीतीने टिकाऊ केली जातात. हीच क्रिया आतड्याच्या किंवा त्वचेच्या पृष्ठभागावर घडली की स्राव कमी होतो. सूक्ष्मजीवांच्या प्रथिनांवर घडली की त्यांची वाढ रोखली जाते. पण जनावराच्या पोटातील चाऱ्याच्या प्रथिनांवर ती मर्यादेबाहेर घडली तर अन्न पचतच नाही. पुढील सर्व उपयोग आणि सर्व सावधगिरी या एका क्रियेतून समजून घेता येतात.

शेळीला किती पाला द्यावा?

त्रिभुज प्रदेशातील मुख्य वैरण भाताचा पेंढा. त्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना नीट काम करण्यासाठी चाऱ्यात किमान ७ टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. त्यामुळे निव्वळ पेंढ्यावर बांधलेली शेळी पोट भरूनही खंगते. हिरवा झाडपाला ही उणीव काही अंशी भरून काढतो. बदामाच्या हिरव्या पानाचे मोल येथे आहे.

थोड्या प्रमाणातील टॅनिन लाभदायकही ठरते. ते चाऱ्यातील काही प्रथिनांना कोठीपोटात विघटित होऊ देत नाही. पुढे आम्लयुक्त चौथ्या पोटात हा बंध सैल होतो आणि प्रथिने थेट जनावराच्या उपयोगी पडतात. पोटफुगीचा संभवही घटतो. परंतु एकूण शुष्क चाऱ्यात टॅनिनचे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाऊ लागले की जनावर कमी खाते, पचन मंदावते आणि वजन घटते.

गाय, म्हैस किंवा मेंढी यांच्या तुलनेत शेळी टॅनिन अधिक सहन करते. झाडपाला हे तिचे मूळ अन्न आहे. ऑस्ट्रेलियात रानटी शेळ्यांच्या कोठीपोटातून टॅनिन सहन करणारे जिवाणू वेगळे काढण्यात आले आणि १९९४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. मात्र कोठीपोटातील सूक्ष्मजीवांची जुळणी एका दिवसात बदलत नाही. ज्या शेळीने हा पाला पूर्वी खाल्लेला नाही तिला पहिल्याच दिवशी भारा टाकणे म्हणूनच अयोग्य होय.

व्यवहारात हिशेब असा मांडता येतो. २५ किलो वजनाची शेळी दिवसाला सुमारे ९०० ग्रॅम शुष्क चारा खाते. त्यातील पाव हिस्सा ही बदामाच्या पानांची सावधगिरीची कमाल मर्यादा मानली तर ते प्रमाण २२५ ग्रॅम होते. हिरव्या पानाच्या वजनात दोन तृतीयांश पाणी धरल्यास दिवसाला सहाशे-साडेसहाशे ग्रॅमहून अधिक ओला पाला देऊ नये. आरंभ मूठभर पानांपासून करून आठ-दहा दिवसांत ही मर्यादा गाठावी. पाला कापून काही तास सुकवून दिल्यास टॅनिनचा काही भाग निष्प्रभ होतो. त्याबरोबर हादगा, शेवगा किंवा गिरिपुष्प यांचा पाला, पेंढा आणि भरपूर पाणी असावे.

झाडाखाली पडलेली तांबडी पाने शेळीच्या दृष्टीने निकृष्ट होत. पान गळण्यापूर्वी झाड त्यातील नत्र परत ओढून घेते आणि मागे तंतू व तुरटपणा तेवढा उरतो. ही पाने चारा म्हणून गोळा करण्यापेक्षा आच्छादनासाठी किंवा पुढे सांगितलेल्या अन्य कामांसाठी वापरावीत.

गाय-म्हशींच्या बाबतीत हात आखडता ठेवावा

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात देशी बदामाच्याच वंशातील टर्मिनॅलिया ओब्लाँगाटा नावाचा वृक्ष आहे. चारा विरळ झाला की तेथील गुरे व मेंढ्या त्याची पाने खातात आणि यकृत व मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडतात, हे दीर्घकाळ ज्ञात होते. १९९० मध्ये संशोधकांनी त्या पानांतून यकृताला घातक द्रव्य वेगळे केले. ते प्युनिकॅलॅजिन होते. देशी बदामाचा वृक्ष वेगळा असला तरी द्रव्य तेच आहे. आपत्काळी भुकेल्या गुरांपुढे एकाच झाडाचा पाला ढिगाने टाकणे किती धोक्याचे आहे, याचा हा इशारा समजावा.

या प्रदेशातील उंबळाच्चेरी जातीचे बैल चिखलणीच्या कामासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचे किंवा दुभत्या गायींचे मुख्य खाद्य म्हणून बदामाचा पाला वापरू नये. पेंढ्यात मिसळलेली थोडी पाने खाल्ल्यास चिंता नाही. गाभण जनावरे, लहान वासरे, करडे आणि पूर्वी यकृताचा विकार झालेली जनावरे यांना तो देऊच नये. खाणे सोडणे, प्रथम मलावरोध आणि नंतर काळसर शेण, गडद मूत्र, डोळ्यांच्या व हिरड्यांच्या त्वचेवर पिवळी झाक ही लक्षणे दिसताच पाला बंद करून पशुवैद्यकाला बोलवावे. तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडू येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तर तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाचे पारंपरिक पशुचिकित्सेवर काम करणारे केंद्र तंजावरजवळच आहे.

काढा, मलम आणि कावीळ

दक्षिण भारतात देशी बदामाच्या कोवळ्या पानांच्या रसापासून खरूज व इतर त्वचाविकारांवर मलम करण्याची रीत जुन्या वनौषधी ग्रंथांत नोंदलेली आहे. पोटशूळ व डोकेदुखीवर रस पोटात देण्याचाही उल्लेख आढळतो. जुलाबावर पानांचा काढा अनेक देशांत घेतला जातो. तुरट द्रव्याचा परिणाम पाहता या रीती निराधार नाहीत.

तरीही खरजेचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. खरूज हा रक्तदोष नसून सारकॉप्टिस नावाच्या अतिसूक्ष्म कोळीवर्गीय जीवाचा उपद्रव आहे. त्याची मादी त्वचेत बोगदा करून आत अंडी घालते. तुरट मलमाने स्राव आटतो, खाज काही काळ शमते आणि रोगी बरा झाल्याचा भास होतो. बोगद्यातील अंडी मात्र तशीच राहतात. काही दिवसांत नवी पिढी बाहेर पडते आणि एकाच चटईवर झोपणाऱ्या कुटुंबात खरूज फिरत राहते. ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम घरातील सर्वांनी एकाच वेळी लावणे, आठवड्याने ते पुन्हा लावणे आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुणे हा त्यावरील उपाय होय. शेळ्या-कुत्र्यांनाही याच गटातील जीवामुळे खरूज होते. गोठ्यातील खरजेला म्हणून पशुवैद्यकाचा स्वतंत्र उपचार आवश्यक असतो.

कावीळ हा त्याहून गंभीर विषय आहे. तैवानमध्ये या झाडाची गळलेली पाने यकृतविकारावरील घरगुती औषध म्हणून वापरली जातात आणि तेथील संशोधकांना उंदरांवरील प्रयोगांत अल्प मात्रेतील प्युनिकॅलॅजिनचा यकृतरक्षक परिणाम दिसला. या निष्कर्षाचा आधार घेऊन कावीळ झालेल्या माणसाला घरीच काढा पाजणे धोक्याचे आहे. उंदराच्या यकृताला अल्प मात्रेत जपणारे द्रव्यच क्वीन्सलँडच्या गुरांचे यकृत निकामी करते. काढ्याच्या पातेल्यात मात्रा मोजली जात नाही आणि कावीळ कशामुळे झाली हेही काढ्यावरून कळत नाही. अशा वेळी रक्ततपासणीत गेलेला एक दिवस काढ्यात गेलेल्या आठवड्यापेक्षा मोलाचा ठरतो.

टॅनिन अन्नातील लोहालाही बांधून ठेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. गरोदर स्त्रिया आणि लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्ती यांनी या पानांचा काढा नियमित घेणे म्हणूनच टाळावे.

मात्रेची तंजावरी परंपरा

माणसांच्या आणि जनावरांच्या औषधांचा एकत्र विचार ही तंजावरची जुनी परंपरा आहे. भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी महाराज यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत धन्वंतरी महाल उभारला. तेथे वैद्यांकडून माणसांच्या आणि जनावरांच्या औषधांचा अभ्यास होई आणि परिणामकारक ठरलेले योग लिहून ठेवले जात. पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाने ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने हे योग प्रसिद्ध केले. औषधाची कीर्ती ऐकून न थांबता त्याची कृती व परिणाम नोंदविण्याची ही शिस्त आजही अनुकरणीय आहे.

पारंपरिक पशुचिकित्सेला आज जी मान्यता मिळत आहे ती याच शिस्तीमुळे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेल्या कासदाहावरील लेपात कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम असे प्रमाण स्पष्ट दिलेले असते. बदामाच्या पानासंबंधी ऐकीव सल्ला मिळाला, तर त्यात वजन, दिवस आणि जनावराचे वय सांगितले आहे काय, हा पहिला प्रश्न विचारावा.

पत्रावळ आणि मत्स्यटाकी

ज्या उपयोगांत पान पोटात जात नाही ते सर्वांत निर्धोक होत. त्रिभुज प्रदेशात भोजनासाठी केळीच्या पानाला पहिला मान आहे, तर काडीने टाचलेल्या पत्रावळीला ‘तैयल इलै’ म्हणतात. देशी बदामाचे पान रुंद, जाड आणि चिवट असल्याने चार-पाच पानांत चांगली पत्रावळ होते. तमिळनाडूत १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरण्याच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी लागू झाली. महाराष्ट्रात तशी अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली. या पार्श्वभूमीवर गावपातळीवरील महिला गटांना हा पूरक व्यवसाय विचारात घेता येईल. पाने झाडावरून निवडून घ्यावीत, स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावीत, वजनाखाली दाबून सावलीत वाळवावीत. बुरशीचा डाग असलेले पान वापरू नये. वापरलेली पत्रावळ खतखड्ड्यात जाते.

दुसरा उपयोग मत्स्यपालनातील. शोभिवंत मासे पाळणारे टाकीत या झाडाची सुकी पाने टाकतात, त्यामुळे पाणी तांबूस होते आणि किंचित आम्लधर्मी बनते. थायलंडमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दर लिटरला ८०० मिलिग्रॅम या प्रमाणात पानांच्या द्रावणाने तिलापिया माशावरील ट्रायकोडिना हा परजीवी नाहीसा झाला आणि माशांच्या अंड्यांवरील बुरशीही घटली. पण हे प्रमाण तळ्याला लावून पाहावे. पानांचेच वजन धरले तरी १,००० घनमीटर पाण्याच्या लहान तळ्याला ८०० किलो पाने लागतील आणि ती कुजताना पाण्यातील प्राणवायू संपून मासे दगावतील. हा उपाय टाक्या आणि अंडी उबवण्याची भांडी यांपुरताच ठेवावा.

पानावरील कीटक

पान तोडणाऱ्याने त्यावरील रहिवासी ओळखणे हिताचे आहे. पानाच्या बुडाशी दोन लहान मधुग्रंथी असतात. त्यांतील गोड रसासाठी मुंग्या येतात आणि त्यांच्या वावरामुळे पाने खाणाऱ्या काही अळ्यांना आळा बसतो. ऐन व अर्जुनावर वाढणारा टसर रेशमाचा किडा, जो गडचिरोली-भंडाऱ्याच्या शेतकऱ्यांना परिचित आहे, तो देशी बदामाच्या पानांवरही जगू शकतो.

ट्रॅबाला विष्णू या पतंगाचे केसाळ सुरवंट मात्र उपद्रवी आहेत. त्यांचे केस त्वचेला लागल्यास आग व पुरळ होते आणि पाल्याबरोबर ते जनावराच्या तोंडात गेल्यास सूज येते. सुरवंटग्रस्त फांदीचा पाला चाऱ्यासाठी किंवा पत्रावळीसाठी घेऊ नये. भातावर फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरील झाडाचा पालाही लगेच तोडू नये, कारण वाऱ्याने वाहून आलेले कीटकनाशक रुंद पानांवर सहज बसते.

आंबा व पेरूच्या बागेजवळ हे झाड असल्यास त्याची पिकून पडलेली फळे वेळोवेळी गोळा करून खोल पुरावीत. आंब्यावरील फळमाशी या फळांतही वाढते आणि बागेत परतते.

शेतकऱ्यांसाठी थोडक्यात

१. हिरवा, निरोगी पाला फक्त प्रौढ शेळीला द्यावा. तो एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्याच्या आत असावा आणि हळूहळू वाढवावा.
२. गाय, बैल व म्हैस यांचा मुख्य चारा म्हणून तो वापरू नये. गाभण जनावरे, वासरे व करडे यांना वर्ज्य करावा.
३. गळलेली तांबडी पाने आच्छादन, कंपोस्ट किंवा मत्स्यटाकीसाठी वापरावीत.
४. कावीळ, दीर्घकाळचे जुलाब व खरूज यांवर काढ्या-मलमाच्या भरवशावर दिवस दवडू नयेत.
५. एकाच झाडाची सर्व पाने एकाच वेळी ओरबाडू नयेत. आळीपाळीने फांद्या घेतल्यास पावसाळाभर पाला पुरतो.
६. नोव्हेंबरची टंचाई जूनमध्येच ओळखून कुंपणाला हादगा, शेवगा व गिरिपुष्प लावावे.

यातील शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. बदामाचा पाला अपाय करतो तो मुख्यतः दुसरे काहीच उरले नसताना, म्हणजे भुकेल्या जनावरापुढे तो एकटाच ठेवला जातो तेव्हा. भातशेतीच्या प्रदेशात, मग तो तंजावरचा असो वा कोकणाचा, पावसाळ्यातील चाऱ्याचे नियोजन आधी झाले तर देशी बदाम आपल्या योग्य जागी राहील. चार प्रकारच्या पाल्यांपैकी एक म्हणून तो शेळीच्या उपयोगी पडेल आणि घराला सावली व पत्रावळही देत राहील.